वळिवडे कॅम्प : आधी पोलंडचे, मग सिंधचे

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी गूळ मार्केट सोडते आणि पाठोपाठ वळिवडे येते. हा लोहमार्ग १८९१ सालचा. १९४३ साली या मार्गाने जी माणसे वळिवड्याला उतरली, ती पोलंडमधून उचलली गेलेली होती. सायबेरिया, कझाकस्तान, कॅस्पियन समुद्र, इराण आणि कराची एवढा फेरा करून ती इथवर पोचली होती. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांच्यासाठी स्टेशनाच्या जवळ जी वसाहत उभी राहिली, तिला कोल्हापुरात वळिवडे कॅम्प म्हणतात. सुमारे पाच हजार पोलिश माणसे इथे पाच वर्षे राहिली. पोलिश निर्वासितांची भारतातली ही सर्वांत मोठी वस्ती. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने घर सोडावे लागलेली सिंधी कुटुंबे राहायला आली आणि कॅम्पाचे गांधीनगर झाले.

आपल्याकडे हा इतिहास सांगताना "कोल्हापूरने आसरा दिला" एवढे अभिमानाने म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. अभिमान रास्त आहे. पण आसरा देणे म्हणजे रोज काय काय करावे लागते, त्याला पैसा कुठून येतो, कुणाच्या हाती कारभार असतो, हे पाहिले की कॅम्प ही एक चालती संस्था होती हे लक्षात येते. या लेखात मी तिच्याकडे तशीच पाहतो आहे. जीव वाचवल्यानंतर माणसाला काय लागते, या प्रश्नाची बरीच उत्तरे वळिवड्यात मिळतात. एक मात्र मिळत नाही, आणि ते कुठल्याच कॅम्पाच्या हातात नसते.

आधी ही माणसे कुठून आली ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. पूर्वेचा मुलूख सोव्हिएत ताब्यात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली मोठी धरपकड झाली, एप्रिल आणि जूनमध्ये पुढच्या दोन, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात चौथी. रात्री किंवा पहाटे दार ठोठावायचे, अर्ध्या-एक तासात सामान बांधायला लावायचे, आणि मालगाडीच्या डब्यांत भरून हजारो किलोमीटर पलीकडे पाठवायचे. आधी माजी सैनिक शेतकऱ्यांची आणि वनरक्षकांची कुटुंबे गेली. मग ज्यांचे कर्ते पुरुष आधीच कैदेत होते त्यांच्या बायका-मुलांची पाळी आली. ती कझाकस्तानच्या सामूहिक शेतांवर पोचत होती, त्याच वसंतात त्यांच्यातल्या अनेकींचे नवरे आणि वडील कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले जात होते. सुमारे बावीस हजार माणसे अशी संपवली गेली. घरच्यांना त्याची वर्षानुवर्षे गंधवार्ता नव्हती.

एकूण किती जणांना हद्दपार केले, याबद्दल मतभेद आहेत. सोव्हिएत कागदपत्रांतून आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो, तर पोलंडचे जुने अंदाज त्याच्या तिप्पट-चौपट आहेत. उत्तरेला अर्खांगेल्स्कच्या जंगलांत लाकूडतोड आणि दक्षिणेला शेतमजुरी, अशी ही दोन वर्षे गेली. भाकरीचा वाटा कामावर ठरलेला, म्हणून ज्याच्याने काम होत नसे तो आधी गेला. मुले आणि म्हातारी माणसे सर्वाधिक मेली.

जून १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावर उलटली आणि कालचा शत्रू मित्र झाला. ३० जुलैला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी करार झाला, ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिशांना "माफी" जाहीर झाली. काही गुन्हा नसताना मिळालेली ही माफी. जनरल व्वादिस्वाफ आंदेर्स यांनी तिथेच पोलिश सैन्य उभारायला घेतले आणि सुटलेली माणसे मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे, त्या सैन्याच्या दिशेने निघाली. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून बोटी भरभरून इराणच्या पहलवी बंदरावर, आताच्या बंदर अंझलीला, आल्या. सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली. त्यांत नागरिक ३७ हजारांच्या आसपास होते. ज्यांना निघता आले नाही ते सोव्हिएत संघातच राहिले. पुढे जानेवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांचे पोलिश नागरिकत्वच नाकारले, आणि एप्रिलमध्ये कातीनची प्रेते उजेडात आल्यावर दोन्ही सरकारांचे संबंध तुटले. वळिवडे कॅम्प सुरू झाला त्याच वर्षी मागचे दार असे बंद झाले होते.

पहलवीच्या वाळूवर काय घडले ते थोडे थांबून पाहायला हवे, कारण युद्धातून सुटलेल्या माणसाच्या पहिल्या गरजा तिथे उघड्या दिसतात. किनाऱ्यावर तंबूंचे दोन भाग केले होते, एक "अस्वच्छ" आणि दुसरा "स्वच्छ". अंगावरचे कपडे काढून जाळायचे, डोके भादरायचे, अंघोळ घालायची, आणि मग पलीकडच्या भागात पाठवायचे. उवांतून पसरणाऱ्या टायफसला दुसरा उपाय नव्हता. दोन वर्षे केसांची वेणी जपलेल्या मुलीही त्या रांगेत उभ्या राहिल्या. पोटाचे दुखणे त्याहून अवघड होते. उपाशी राहून राहून आतडी इतकी नाजूक झालेली की भरपेट जेवणच जिवावर बेतायचे. कॅनमधले चरबीयुक्त मटण आणि भात खाऊन कित्येक जण सुटकेच्या पहिल्याच आठवड्यात गेले. अन्न किती द्यायचे यापेक्षा ते कसे आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हे ज्ञान त्या किनाऱ्यावर फार महागात मिळाले. अंझली आणि तेहरानच्या पोलिश कबरी त्याची साक्ष देतात.

सैनिक पुढे इराक आणि पॅलेस्टाइनकडे गेले. बायका-मुलांचे काय करायचे, हा प्रश्न राहिला. इराणमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत दोन्ही फौजा होत्या, धान्याची टंचाई होती, तिथे कायम ठेवणे शक्य नव्हते. ब्रिटिश साम्राज्यात आणि बाहेर जागा शोधायला सुरुवात झाली. टांगानिकातले तेंगेरू, युगांडातले कोजा आणि मासिंडी, मेक्सिकोतले सांता रोसा, न्यूझीलंडमधले पाहिआटुआ अशी नावे मग पोलिश कुटुंबांच्या इतिहासात आली. भारताचे नाव त्या सगळ्यांच्या आधी आले.

त्याचे श्रेय एका राजाला आणि मुंबईच्या पोलिश वकिलातीला जाते. कॉन्सल जनरल यूगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी पोलिश रेड क्रॉसच्या कामातून मदतीचे सामान सोव्हिएत हद्दीवर पाठवायला सुरुवात केली. क्वेट्टा, जाहेदान, मशहद असा वाळवंटातून जाणारा मार्ग. जाताना ट्रकांतून अन्न, औषधे आणि कपडे जात, येताना त्याच ट्रकांतून अनाथ मुले येत. १९४२ च्या वसंतात मुलांची पहिली तुकडी मुंबईत पोचली. त्यांच्या सोबत्यांत पोलंडची लाडकी गायिका हांका ऑर्दोनुव्हना होती, स्वतः क्षयाने पोखरलेली. काही महिने ही मुले वांद्र्याला राहिली. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडीला त्यांच्यासाठी वसतिगृह उभारून दिले. जुलै १९४२ मध्ये मुले तिथे गेली. पुढे आणखी तुकड्या येत राहिल्या. बालाचडी आधी झाले नसते, तर वळिवड्याचा विचार कुणी इतक्या लवकर केला असता असे मला वाटत नाही. हे लोक भारतात राहू शकतात, इथल्या उन्हात तगू शकतात आणि इथले लोक त्यांना सांभाळून घेतात, हे बालाचडीने दाखवून दिले होते.

मोठ्या कुटुंबवस्तीसाठी कोल्हापूर संस्थानातली वळिवड्याची जागा ठरली. आघाडीपासून दूर, रेल्वेच्या कडेला, पंचगंगेचे पाणी जवळ, हवा माफक. इथे एक गोष्ट नीट नोंदवली पाहिजे, कारण समारंभांतल्या भाषणांतून ती पुसट होते. छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले होते. गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज तान्हे होते आणि १९४६ मध्ये बालपणीच वारले. राज्यकारभार रीजन्सीच्या हाती होता. संस्थानाने जागा दिली, शेजार दिला, पाच वर्षे सुखाने राहू दिले. हे मोठेच काम आहे. कॅम्पाचा खर्च मात्र लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार ब्रिटनकडून घेतलेल्या कर्जातून करत होते. भारत सरकारच्या वतीने मुख्य निर्वासित अधिकारी म्हणून कॅप्टन वेब सगळ्या पोलिश छावण्यांवर देखरेख ठेवत. या तिघांच्या वाट्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यायला हवे.

पैसा पोलिश सरकारचा असल्याने कारभारही बऱ्याच अंशी पोलिश लोकांच्याच हाती राहिला. मला वळिवड्याच्या यशाचे हे सर्वांत मोठे कारण वाटते. शाळा, दवाखाना, दुकान, चर्च, बालवीर पथके, नाटकमंडळी, सगळे पोलिश माणसेच चालवत. आलेल्या बायकांत शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, शिवणकाम जाणणाऱ्या होत्या. ज्यांना काम होते त्यांना वेतन मिळे, इतरांना भत्ता. दात्याकडे हात पसरून बसलेली वस्ती असे तिचे रूप कधी झाले नाही.

बराकी लांबच्या लांब होत्या. जोते दगडाचे, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर कौले. बराकीचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला खोल्या, पुढे व्हरांडा आणि स्वतःची चूल. बांबूच्या तट्ट्यातून शेजारच्या घरातला खोकलासुद्धा ऐकू येत असणार. पावसाळ्यात कोल्हापूरचा पाऊस त्या भिंतींना किती सोडत असेल, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तरी त्या चुलीचे मोल फार होते. मोठ्या भटारखान्यातून रांगेत उभे राहून ताट घेणे आणि आपल्या घरात आपल्या हाताने सूप शिजवणे, यांत निर्वासिताच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आई पुन्हा आई होते, मुलाला "काय खाणार" असे विचारता येते. आसपासच्या खेड्यांतले भाजीवाले, दूधवाले, कोंबड्या-अंडी विकणारे दारोदार येत, त्यांच्याशी घासाघीस होई, आणि त्या घासाघिशीतून कामापुरती मराठी पोलिश बायकांच्या तोंडी बसली.

मुलांच्या शाळांकडे सगळ्यांचे लक्ष होते. प्राथमिक शाळा, त्यावर माध्यमिक शिक्षण, व्यवसायशिक्षण अशी पूर्ण शिडी वळिवड्यात उभी केली होती. दहा वर्षांच्या मुलाची दोन-तीन वर्षे जंगलात आणि प्रवासात गेलेली, काहींना धड लिहिता येत नव्हते. पुस्तके तर मुळातच नव्हती. मध्यपूर्वेत पोलिश सैन्याने, विशेषतः जेरुसलेममध्ये, छापलेली पाठ्यपुस्तके इथवर येत. मुंबईतून "पोलाक व्ह इंदियाख" हे पोलिश नियतकालिक निघे. ज्या देशाचा नकाशा रोज बदलत होता, त्याचा भूगोल ही मुले कोल्हापुरात शिकत होती. ज्यांची छाती कमजोर होती त्यांच्यासाठी पाचगणीला सोय होती. तिथली थंड हवा या मुलांना मानवली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, विगिलियाला, पोलिश घरांत जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात. अनपेक्षित येणाऱ्या पाहुण्यासाठी. बापाचा पत्ता नसलेल्या घरांत त्या रिकाम्या ताटाकडे कोण कसे पाहत असेल, याची कल्पना करता येते.

पत्राची वाट पाहणे हा कॅम्पाचा रोजचा धंदा होता. ज्यांचे पुरुष जिवंत होते, ते आंदेर्सच्या सैन्यात होते, आणि ते सैन्य पोलिश दुसरी कोअर म्हणून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या टेकडीवरचा मठ पोलिशांनी घेतला, तेव्हा शेकडो पोलिश सैनिक त्या उतारावर पडले होते. कोणाचे नाव यादीत आहे, हे कोल्हापूरजवळच्या बराकीत कळायला किती दिवस लागत असतील? आणि इथे एक धागा असा आहे की जो आपल्या लोकांनी सहसा जोडलेला नाही. पोलिश कोअर ज्या आठव्या ब्रिटिश सैन्यात होती, त्याच सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच मोहिमेत. एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीवर तो मिळवला, तेव्हा पोलिश कोअरही त्याच नदीच्या आघाडीवर होती. वळिवड्याच्या बाजाराला येणाऱ्या घाटावरच्या बाईचा मुलगा आणि तिच्याकडून अंडी घेणाऱ्या पोलिश बाईचा नवरा, दोघे इटलीच्या एकाच चिखलात असणे मुळीच अशक्य नव्हते. दोघींच्या घरी लष्करी टपाल येत होते.

या काळाच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करून हा इतिहास लिहिता येणार नाही. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. त्यात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली असे अंदाज आहेत. शेजारच्या विजापूर भागातही तेव्हा दुष्काळ होता. "छोडो भारत" चळवळीचे कार्यकर्ते तुरुंगांत होते, आणि वळिवड्यापासून हाकेच्या अंतरावर, सातारा जिल्ह्यात, नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. जे सरकार पोलिश मुलांना दूध पोचवण्याची व्यवस्था नीट करू शकत होते, तेच सरकार बंगालमध्ये भुकेल्यांकडे पाठ फिरवून होते. पोलिश बायका-मुलांचा यात काडीचा दोष नाही. त्यांना जे मिळाले ते कुणाच्याही मुलाला मिळायलाच हवे होते. पण इच्छा असली, पैसा ठरलेला असला आणि माणसे नेमलेली असली की छावणी उत्तम चालते, हे वळिवड्याने सिद्ध केले. म्हणूनच बंगालमध्ये ते झाले नाही, याचा जाब अधिक कडक होतो. आणि स्वतः पारतंत्र्यात असलेल्या, स्वतःची चणचण सोसणाऱ्या आसपासच्या गावांनी या परक्या माणसांशी वैर धरले नाही, हे विशेष मानायला हवे.

पोलिशांकडूनही भारताशी नाते जोडणारी माणसे पुढे आली. थिऑसॉफिस्ट वांदा दिनोव्हस्का, इकडे उमादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, या मुलांना भारत समजावून सांगत. त्यांनी आणि मॉरिस फ्रिडमन यांनी १९४४ मध्ये भारत-पोलंड ग्रंथालय सुरू केले आणि भारतीय साहित्य पोलिशमध्ये, पोलिश साहित्य इंग्रजीत आणायचे काम आरंभले. फ्रिडमन आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असायला हवेत. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती सत्ता सोपवली, त्या प्रयोगात ते होते. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत त्यांनीच नेली. उमादेवींनी नंतरची वर्षे तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी घालवली. कीरा बानासिन्स्का युद्धानंतर भारतातच राहिल्या, हैदराबादेत स्थायिक झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महायुद्ध संपले आणि कॅम्पात आनंद झाला नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्ताला पोलंडची पूर्व सरहद्द ठरली होती. ल्वूव्ह, विल्नो, वोविन, पोलेसिये, जिथून या कॅम्पातली बहुतेक कुटुंबे उचलली गेली होती, तो सगळा मुलूख सोव्हिएत संघात गेला. "घरी जा" म्हणणे सोपे होते, पण घर दुसऱ्या देशात गेले होते, आणि ज्या राजवटीने त्यांना हद्दपार केले तिचीच सावली वॉर्सावरही होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांच्या पैशावर आणि नावावर कॅम्प चालत होता, ते सरकार एका दिवसात कागदावरून गेले. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशीही वर्ग घेतलाच असणार, पण तिला नेमणारे खातेच आता जगाच्या लेखी अस्तित्वात नव्हते.

निर्वासितांच्या गरजांची यादी करताना धान्य, पाणी, औषध, निवारा, शाळा एवढे आपण लिहितो. वळिवड्यात हे सगळे होते. पुढे जायला एक देश हवा होता आणि तोच नव्हता. पुढे हा भार युनायटेड नेशन्सच्या मदत-पुनर्वसन संस्थेकडे, म्हणजे उनराकडे, गेला. उनराचा रोख माणसे मायदेशी परत पाठवण्यावर होता. वळिवड्यातले थोडेच लोक पोलंडला परत गेले. बाकीच्यांनी ठाम नकार दिला. त्यांच्यासारखी युरोपभर लाखो माणसे होती, आणि त्यांच्या नकारामुळे जगाला मान्य करावे लागले की परत जाणे हा एकच मार्ग नव्हे, परतायला भीती वाटण्याचे कारण खरे असेल तर दुसरीकडे वसवावे लागते. १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने काम हाती घेतले ते याच भूमिकेतून. १९५१ च्या निर्वासित करारातली "रास्त भीती" ही कसोटी त्याच अनुभवातून आली. भारताने तो करार आजवर केलेला नाही, तरी तिबेटी आले, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोट माणसे आली, श्रीलंकेतून तमिळ आले, आणि प्रत्येक वेळी सरकारने त्या त्या वेळची सोय लावली. कायद्याने हक्क मिळण्यापेक्षा सद्भावनेवर सगळे चालते, हे वळिवड्यापासून आजतागायत खरे आहे, आणि ते बदलायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

दरम्यान १९४६ मध्ये बालाचडी बंद झाले आणि तिथली मुले वळिवड्यात आली. ब्रिटिश संसदेने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला, त्यामुळे सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये जाता आले. मुंबईहून बोटी सुटू लागल्या. काही जण पूर्व आफ्रिकेतल्या वस्त्यांत गेले, काही ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेकडे वळले. ब्रिटनला गेलेल्यांची पहिली घरे पुन्हा लष्करी छावण्यांतल्या पत्र्याच्या बराकीच होत्या. काहीजणींनी इथेच लग्ने केली आणि त्या कोल्हापूरच्या झाल्या. १९४८ मध्ये कॅम्प रिकामा झाला.

तो फार काळ रिकामा राहिला नाही. पंजाब आणि बंगाल निदान दुभागले गेले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि ज्यांनी तोवर तग धरला होता तेही निघाले. दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदू भारतात आले. कल्याणच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर झाले. पिंपरी, चेंबूर, देवळाली इथे वस्त्या झाल्या, तशी वळिवड्याच्या बराकींत एक वस्ती झाली. मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही जबाबदारी नव्या सरकारकडे आली. पोलिशांना निदान सरकारचा भत्ता, शाळा आणि पुढे इंग्लंडची बोट होती. सिंधी कुटुंबांना परत जायला मुलूख नव्हता आणि पुढे पाठवणारेही कुणी नव्हते. त्यांनी इथेच राहायचे ठरवले आणि कापडाचा व्यापार उभा केला. आज कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कोकणातली किती घरे लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात! दुकानातल्या काउंटरपलीकडे बसलेल्या शेठजींच्या आजी-आजोबांनी कराची किंवा शिकारपूर कसे सोडले, हे आपण विचारत नाही.

पोलिशांनी आपल्या आठवणी जपल्या. ब्रिटनमध्ये वळिवडे-बालाचडीच्या माजी रहिवाशांनी संघटना काढली, पुन्हा पुन्हा कोल्हापूरला भेटी दिल्या, सगळ्यांच्या आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, दफनभूमीत कॅम्पात वारलेल्यांच्या कबरी आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉर्सात वळिवडे कॅम्पाचे स्मारक झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये ऐंशी-नव्वदीतले माजी रहिवासी वळिवड्याला आले, तेव्हा सगळे गाव त्यांच्या स्वागताला लोटले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा पोलंडच्या सरहद्दीवर चक्र उलटे फिरले. पहिल्या महिनाभरात वीस लाखांहून अधिक माणसे पोलंडमध्ये शिरली, पुन्हा बहुतेक बायका आणि मुले. अनेकांना लोकांनी आपल्या घरांत उतरवून घेतले. मार्चच्या मध्यालाच खास कायदा करून त्यांना पोलिश नागरिकांसारखा नोंदणी क्रमांक द्यायला सुरुवात झाली. त्या क्रमांकावर नोकरी, शाळा, दवाखाना सगळे मिळू लागले. याच सरहद्दीतून आणि शेजारच्या हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकियातून अठरा हजारांहून अधिक भारतीय, मुख्यतः वैद्यकीय विद्यार्थी, मायदेशी आले. त्यांत आपल्याकडची मुले होती. २०२४ च्या अखेरीला जगात बळाने उखडलेली माणसे बारा कोटींच्या पुढे होती. संयुक्त राष्ट्रांचा तेव्हाचा आकडा १२ कोटी ३२ लाख आहे.

वळिवड्याच्या इतिहासाचा सिंधी अर्धा भाग अजून लिहायचा राहिला आहे. बराकींत आलेल्या पहिल्या पिढीतली जी माणसे आज हयात आहेत, ती तेव्हा लहान मुले होती आणि आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या बराकीत कोण राहिले, पहिले दुकान कुणी कुठे लावले, सिंधी शाळा कशी सुरू झाली, वळिवडे आणि शेजारच्या चिंचवाड गावच्या लोकांनी त्यांना पहिल्या पावसाळ्यात काय दिले, हे गांधीनगरच्या घराघरांत जाऊन, सिंधीत आणि मराठीत, या वर्षीच टिपून घ्यायला हवे. पोलिश ग्रंथात वसाहतीचे नकाशे आहेत. त्या नकाशांवर नंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची नावे लिहिता येतील.